उरलेल्यांचे शास्त्र

दरसाल उन्हाळा सरून पदवी-परीक्षांचे निकाल लागू लागले म्हणजे आमच्या टपालात एका ठराविक तऱ्हेच्या पत्रांची भर पडते. लिहिणारे गृहस्थ बहुधा सुविद्य असतात; कोणी बँकेत अधिकारी, कोणी वकील, कोणी शाळेतून निवृत्त झालेले. मजकूर थोड्याफार फरकाने एकच. चिरंजीव अथवा कन्या बी. ए. झाली आहे, समाजशास्त्रात एम. ए. करावयाचे म्हणते, तरी ह्या विषयाला पुढे 'स्कोप' कितपत आणि नाव कोणत्या संस्थेचे मोठे, हे कृपा करून कळवावे. आम्ही मासिक चालवितो, प्रवेशाची कचेरी चालवीत नाही, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे असते. आणि आजवर आम्ही तसेच करीत आलो. परंतु यंदा आलेल्या एका पत्राने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही.

हे गृहस्थ पुण्याच्या एका उपनगरात, नव्या बांधणीच्या मोठ्या वसाहतीत राहतात. त्यांच्या कन्येने गेले वर्षभर एक वही ठेविली आहे. त्या वसाहतीत धुण्याभांड्यास येणाऱ्या बायकांनी कोणत्या लिफ्टने वर जावे, त्यांना चहा कोणत्या कपातून मिळतो, महिन्याकाठी सुट्या किती, एका बाईच्या हाती किती घरे, तिला प्रथम कामावर आणली कोणी आणि ती मूळची कोणत्या गावची, हे सर्व ही मुलगी त्या बायकांना विचारते व लिहून ठेविते. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांत आमची शोभा होते,' असे वडील कळवितात, आणि लगेच पुढच्या ओळीत, मुलीला ह्या नादातून काढून व्यवस्थापनाच्या पदवीकडे वळविण्याची काही युक्ती सुचवावी, अशी विनंती करितात.

वडिलांनी जी गोष्ट गाऱ्हाणे म्हणून लिहिली, तीच ह्या मुलीला समाजशास्त्र शिकण्याचा अधिकार देते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि उलट बाजूने पाहता, जी शेकडो मुले-मुली असली कोणतीही वही न ठेविता दरसाल ह्या विषयाच्या वर्गात येऊन बसतात, त्यांनी तेथे का यावे हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत विद्यांची एक उतरंड मांडून ठेविलेली आहे. सर्वांत वर वैद्यकी व अभियांत्रिकी; तेथे जागा न मिळाल्यास वाणिज्य; तेही न जमल्यास कला; आणि कलाशाखेतही अर्थशास्त्रात गणित आहे, इंग्रजीत भाषा आहे, म्हणून ह्या दोहोंना भिणाऱ्यांनी समाजशास्त्र घ्यावे. मुलीच्या बाबतीत आणखी एक विचार असतो. लग्न जमेपर्यंत दोन वर्षे रिकामी जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही पदवी बरी. अशा रीतीने उतरंडीच्या तळच्या मडक्यात जे उरते त्याला आपण समाजाचे शास्त्र म्हणतो, आणि मग ह्या शास्त्रातून काही निपजत नाही अशी तक्रारही आपणच करितो.

हा विषय आपल्या प्रांतात असा तळाशी जन्मलेला नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. त्याचे पहिले अध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. झाड जसे मातीवाचून समजत नाही तसा माणूस त्याच्या गावावाचून समजत नाही, ह्या विचाराने ते नगरे पाहत हिंडले. १९२४ साली विभाग गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्या हाती आला. ते संस्कृताचे नाणावलेले विद्यार्थी, केंब्रिजला जाऊन मानववंशशास्त्र शिकून आलेले. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे ह्यांनी १९२८ साली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. ज्या ज्ञातीत त्या जन्मल्या तिच्याकडेच परक्याच्या नजरेने पाहण्याचे धाडस त्यात होते. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी मानवी कवटीच्या मोजमापावर पदवी मिळविली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य वेचले. त्यांच्याही पूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. परंतु १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला तो गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. ह्यांपैकी कोणीही दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून ह्या विषयाकडे वळलेले नाही. प्रत्येकाजवळ एक प्रश्न होता, तो त्याला झोपू देत नव्हता, आणि त्या प्रश्नाला जे शास्त्र उपयोगी पडेल ते त्याने हाताशी घेतले. पदवीचे नाव अर्थशास्त्राचे की मानववंशशास्त्राचे, ही गोष्ट त्यांच्या लेखी दुय्यम होती.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढील की विषयाची निवड ही महत्त्वाची गोष्टच नव्हे. तसे आम्ही म्हणत नाही. निवड अवश्य करावी. पण ती पाट्या वाचून होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत समाजशास्त्र आणि समाजकार्य ह्यांची जी खिचडी झालेली आढळते ती पाहून खेद होतो. 'मुलीला समाजसेवेची आवड आहे म्हणून समाजशास्त्र' हे वाक्य तर आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की आता ते वाचताना राग येण्याचेही थांबले आहे. मुंबईत देवनारला दोन संस्था आहेत. टाटांच्या नावाची संस्था १९३६ साली निघाली ती समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देण्यासाठी. १९४४ साली तिचे नाव बदलून समाजविज्ञान संस्था असे झाले, आणि आज तेथे कितीतरी निरनिराळे अभ्यासक्रम चालतात. दुसरी १९५६ साली निघालेली लोकसंख्या-अभ्यासाची संस्था. दोहोंच्या नावांत समाज किंवा लोक आहेत, म्हणून दोहोंकडे एकाच दिवशी एकच अर्ज धाडणारे पालक आम्हांस ठाऊक आहेत. मुलाला काय हवे आहे, हे त्यांनी विचारलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा थेट कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम निघण्यापूर्वीच उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत तोड करावयाची. अर्थशास्त्र शिकलेला मनुष्य येथे प्रथम उचलीचा आकडा विचारील; टनाचा दर काय, उचल फिटते की पुढच्या हंगामावर चढते, आणि हे कर्ज म्हणावे की आगाऊ मजुरी, ह्याचा हिशेब तो मांडील. लोकसंख्येचा अभ्यासक गावात मागे राहिले किती, गेले किती, त्यांची वये काय, मुलींची लग्ने कितव्या वर्षी होतात, हे मोजील. राज्यशास्त्राचा विद्यार्थी कारखान्याचा अध्यक्ष, मुकादम आणि आमदार ह्यांची नाती शोधील. समाजकार्य शिकलेली मुलगी फडाजवळ मुलांची शाळा चालविण्याच्या खटपटीला लागेल, आणि ते फार मोलाचे काम होय. समाजशास्त्राचा विद्यार्थी मात्र आधी असे विचारील की दोन माणसांचा मिळून एक कोयता का धरतात? बाईची मजुरी कोणाच्या हाती पडते? एकट्या बाईला टोळीत घेत नाहीत, ह्याचा मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नांशी काही संबंध आहे काय? मुकादम कोणत्या जातीचा, तोडणारा कोणत्या जातीचा? २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, तेव्हा पुष्कळांनी तो केवळ डॉक्टरांच्या लोभाचा म्हणून सोडून दिला. परंतु एक दिवस खाडा पडला की मजुरी बुडून वर दंड बसतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीचे चार दिवस हे कोयत्याच्या हिशेबात बसत नाहीत. ह्या सर्व गोष्टी एका सूत्रात गुंफल्यावाचून ती बाई शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत कशी पोचली हे कळत नाही. ते सूत्र शोधणे हे ह्या शास्त्राचे काम. ज्या मुलाला हिशेबात गोडी आहे त्याने अर्थशास्त्राकडे जावे, ज्याला शाळा उघडाविशी वाटते त्याने समाजकार्याकडे जावे. आणि ज्याला 'हे असे का' हा प्रश्न सुटत नाही त्याने समाजशास्त्र घ्यावे. ह्यात उच्च-नीच काही नाही. मात्र ज्याला ह्यांपैकी कशातच गोडी नाही, त्याने ह्यांपैकी कोणत्याही वर्गात जागा अडवू नये.

आता वर्गात काय चालते ते पाहू. आमच्या परिचयाच्या एका पदवीधराला, नाव-गाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही सहज विचारले की दोन वर्षांत आपण किती दिवस लोकांमध्ये काढले? उत्तर मिळाले, दोन. एक बस ठरविली होती, एका आदर्श गावी सर्वांनी जाऊन सरपंचांचे भाषण ऐकले, दुपारी जेवण झाले, छायाचित्रे निघाली, आणि तिन्हीसांजेला बस परत. दुसऱ्या दिवशी जवळच्या वस्तीत छापील प्रश्नावली वाटली. बाकीचे सारे बाजारातल्या गाईडावर. वेबरचे मत पाच गुणांस, दुर्खीमचे दहा गुणांस. आत्महत्येवरील दुर्खीमचा ग्रंथ त्याने पाहिलाही नव्हता. आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी त्या ग्रंथाचा काही संबंध असू शकेल, हे ऐकून त्याला प्रामाणिक आश्चर्य वाटले. आम्ही त्या विद्यार्थ्याला दोष देत नाही. त्याला तसे शिकविले गेले.

ह्याच्या उलट एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. घुर्ये ह्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जवळजवळ वर्षभर राहिले. पुढे १९७० साली स्टॅनफर्ड येथे लावलेल्या आगीत त्यांची त्या गावासंबंधीची टिपणे जळाली. तेव्हा त्यांनी केवळ आठवणीवर विसंबून ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली 'स्मरणातले गाव' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने बाहेर पडला आणि आजही आवडीने वाचला जातो. त्यांचे कागद जळाले तरी गाव शिल्लक राहिले. आमच्या पदवीधराचे कागद कपाटात जसेच्या तसे आहेत, आणि डोक्यात एकही गाव नाही.

गणिताला भिऊन ह्या विषयाकडे येणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव घेऊन त्यातील जमीन, कर्ज आणि कुटुंबे ह्यांची घरोघर मोजणी केली आणि १९१७ साली पुस्तक छापले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरासरी सुमारे ४० एकर असलेली शेतकऱ्याची धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. भावनेने कोणी कितीही लिहिले असते तरी ती गोष्ट तितकी ठसली नसती. पुढे धनंजयराव गाडगीळांनी १९३० साली निघालेल्या गोखले संस्थेतून पुणे शहराचीच पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली निघाला. ह्या लोकांना मोजण्याची लाज वाटली नाही. आज पिंपळे सौदागरात उंचच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी मुले दरसाल पदवीधर होतात. आपल्या दिवाणखान्याखालच्या जमिनीवर जगातील एक नामांकित ग्रामपाहणी झाली होती, हे त्यांतील किती जणांना कोणी सांगितले असेल?

आक्षेपक म्हणतील, संपादकांना पोटाची चिंता नाही, म्हणून हे उपदेश सुचतात. आक्षेप रास्त आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. एम. ए. झाले, नेट उत्तीर्ण झाले, की महाविद्यालयात कायमची जागा, ही समजूत आता सोडावी हे बरे. आपल्या राज्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकविलेल्या तासांच्या मोलावर, वर्षानुवर्षे राबणारे अध्यापक गावोगाव आहेत. त्यांतले किती तरी डॉक्टरेट घेतलेले आहेत. त्यांना विचारून मगच ह्या वाटेचा विचार करावा. परंतु पाहण्या करणाऱ्या संस्था, स्वयंसेवी संस्था, आरोग्याचे व शिक्षणाचे सरकारी उपक्रम, वृत्तपत्रे, इतकेच काय पण बाजारपेठेचा कानोसा घेणाऱ्या कंपन्या, ह्यांना नीट प्रश्न विचारणारा, उत्तरे मोजणारा आणि वीस पाने सरळ भाषेत लिहिणारा मनुष्य हवा असतो. गाईडाने हे तिन्ही गुण येत नाहीत. म्हणजे आदर्शाची वाट आणि पोटाची वाट येथे वेगळ्या नाहीत. जो अभ्यासक्रम मुलाला खरे शिकवितो तोच त्याला खाऊ घालण्याचा संभव अधिक.

दुसरे एक निमित्त हल्ली फार ऐकू येते, ते स्पर्धा-परीक्षेचे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या तरुणांविषयी आम्हांस सहानुभूती आहे. परंतु केंद्रीय सेवांच्या परीक्षेत समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घ्यावयाचा तर दोन पत्रिका व ५०० गुण एवढाच तो मामला आहे, त्यासाठी एम. ए. ची अट नाही. वसतिगृहातील खोली आणि ओळखपत्र ह्यांपुरते विद्यापीठ वापरणाऱ्याने खरोखर शिकू इच्छिणाऱ्या कोणा तरी मुलीची जागा खाल्लेली असते.

नव्या व्यवस्थेविषयीही दोन शब्द. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी घेतलेल्यास एम. ए. एका वर्षात पुरे करता येते. एम. फिल. तर २०२२ पासून बंदच झाले. त्याच सालापासून अनेक विद्यापीठांचे प्रवेश पर्याय खुणावण्याच्या सामायिक परीक्षेवर होऊ लागले. एक वर्ष वाचले म्हणून पालक खूष आहेत. आम्ही एवढेच विचारतो की दोन सत्रांच्या ह्या वर्षात मुलगा गावात जाणार केव्हा, आणि त्याने लिहिलेले अध्यापक वाचणार केव्हा? ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. जेथे ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेल तेथे एका वर्षाची पदवी खुशाल घ्यावी. न मिळाल्यास दोन वर्षांची बरी.

भाषेचा प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक बोचतो. मोठ्या नावाच्या संस्थेत गेलेली परभणीची किंवा गडचिरोलीची मुलगी चर्चावर्गात गप्प बसते, कारण चर्चा इंग्रजीत चालते. आणि जी मुलगी तेथे अस्खलित बोलते तिला परभणीच्या बाजारात बाईजवळ बसून दोन वाक्ये बोलता येत नाहीत. दोघीही अर्ध्या. तथापि निकालाच्या दिवशी पहिली स्वतःला अर्धी समजते व दुसरी पूर्ण समजते, हा अन्याय होय. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्यांच्याजवळ समाजशास्त्राची पदवी नव्हती, पण बलुतेदार, वतनदार आणि भटक्यांच्या रीतिभातींसाठी अभ्यासकांना आजही त्या पुस्तकाचे दार ठोठवावे लागते, आणि ते मराठीत आहे. इरावतीबाईही इंग्रजीत लिहीत आणि मराठीतही लिहीत. ज्या विभागात मराठी प्रबंध ही गरिबांसाठी दिलेली सवलत मानली जाते, त्या विभागाचे नाव कितीही मोठे असो, आम्ही आमच्या घरचे मूल तेथे धाडताना दहा वेळा विचार करू.

तेव्हा पत्रलेखक गृहस्थांना आम्ही जे उत्तर धाडले ते येथे देतो, म्हणजे इतरांना निराळे लिहिण्याचे श्रम वाचतील. मुलीला बरोबर घेऊन दोन-तीन विभागांत समक्ष जावे. माहितीपत्रक मागू नये. ग्रंथालयात जाऊन गेल्या तीन वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रबंध मागावेत, आणि कोणतेही दोन उघडावेत. लिहिणारा कोठे गेला, किती दिवस राहिला, कोणाशी बोलला, आणि समासात अध्यापकाच्या हातच्या खुणा आहेत की नाहीत, हे पाहावे. प्रबंध दाखविण्यास कोणी टाळाटाळ केल्यास आभार मानून बाहेर पडावे. अध्यापकांपैकी कोण काय लिहितो, हे मुलीने आधी वाचून जावे आणि त्यांपैकी एकाला तरी आपली वही दाखवावी. ती चाळून जो म्हणेल, 'छान आहे, पण ह्या बायका जेथे राहतात तेथे तू गेलीस काय?' त्याच्या हाताखाली दोन वर्षे घालविण्यास हरकत नाही. जो म्हणेल, 'हे अभ्यासक्रमात नाही,' त्याच्या संस्थेचे नाव कितीही थोर असले तरी तेथून परत फिरावे.

शुल्काची गोष्ट त्यांनी विचारली होती. सार्वजनिक विद्यापीठांत हा विषय आजही व्यवस्थापनाच्या खासगी पदवीच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो, आणि बँकेत अधिकारी असलेल्या गृहस्थांना तो झेपेल, एवढे कळवून आम्ही तो मुद्दा आटोपला.

उरला लिफ्टचा प्रश्न. त्यांच्या वसाहतीत कामकरी बायकांनी अमुकच लिफ्टने जावे असा ठराव कोणत्या सभेत झाला, कोणी मांडला आणि त्या सभेत हे गृहस्थ स्वतः हजर होते काय, हे आम्हांस ठाऊक नाही. मुलीच्या वहीत ते बहुधा लिहिलेले असेल. वडिलांनी ती वही उघडून पाहिली आहे की नाही, ह्याचा त्यांच्या पत्रावरून बोध होत नाही.